तंबोऱ्याची भेग आणि खिडकीतला कूलर: नागपुरातील एका वाद्यसंग्रहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाद्यसंग्रह म्हटलं की पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय डोळ्यांपुढे येतं. जुनी वाद्यं मात्र संगीत विद्यालयांच्या कपाटांत, वाड्यांच्या माळ्यांवर आणि गुरुजींच्या घरी दिवाणाखालीही पडून असतात. हे प्रकरण अशाच एका संग्रहाचं आहे. संस्थेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अडचण, मापं आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात एका न्यासाचं संगीत विद्यालय चालतं. वरच्या मजल्यावर कवेलूच्या छताची लांबट खोली आहे. तिच्या पश्चिमेच्या भिंतीलगत काचेच्या कपाटांत 43 वाद्यं होती: 11 तंबोरे, 6 सतारी, 2 सारंग्या, 1 दिलरुबा, 9 तबला-डग्ग्याचे जोड, 4 पखवाज, 7 हार्मोनियम आणि किरकोळ 3. त्याच खोलीत संध्याकाळी तबल्याचा वर्ग भरायचा, म्हणून खिडकीत मोठा कूलर बसवलेला. संग्रहातलं मानाचं वाद्य म्हणजे तंबोऱ्यांची एक जुनी जोडी, एक पुरुषी (मोठा, खालच्या पट्टीचा) आणि एक बायकी (लहान, वरच्या पट्टीचा). डिसेंबरातल्या वर्धापनदिनाला ही जोडी मंचावर वाजावी, अशी विश्वस्तांची फार इच्छा होती.

अडचण

मेच्या शेवटी, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू असताना, बायकी तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीवर, भेग दिसली. खालच्या कडेपासून घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) दिशेने लाकडाच्या रेषेत 21 सेंटीमीटर गेलेली, कडेजवळ 3 मिलिमीटर उघडलेली. तबली आणि भोपळा यांचा सांधाही एका बाजूने तळहाताएवढा सुटला होता. भोपळ्याच्या पाठीवर पूर्वी कधीतरी लावलेलं ठिगळ गळून पडलं होतं आणि तिथे रुपयाएवढं भोक उरलं होतं.

शहरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याने पाहून 'फुल ओव्हरहॉल' सुचवलं: तबली नवी, घोडी नवी, सगळं जुनं पॉलिश खरवडून नवं. काम जूनमध्ये सुरू करून महिन्यात द्यायचं. विश्वस्त तयारही झाले होते. त्याच आठवड्यात कपाट झाडताना तंबोऱ्याखाली मैद्यासारख्या भुकटीची लहानशी ढिगुली सापडली. त्यावरून 'हा केवळ भेगेचा प्रश्न नाही' हे कार्यवाह बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी काम थांबवलं आणि संग्रहालयात वाद्यं हाताळलेल्या एका सल्लागाराला बोलावलं. पुढे जे वाचलं ते या थांबण्यामुळे वाचलं.

मोजमापांनी काय सांगितलं

पहिली खरेदी आर्द्रतामापकांची झाली. स्वस्त मापकावर तसाच विश्वास ठेवायचा नसतो. झाकणाच्या डब्यात एका बाटलीच्या बुचात मीठ आणि ते ओलं होईल एवढंच पाणी घ्यायचं. मीठ विरघळून जाता कामा नये, चिखलासारखं राहिलं पाहिजे. शेजारी मापक ठेवून डबा रात्रभर बंद करायचा. 25 अंशांना आतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापक 69 दाखवत असेल, तर तो त्या टप्प्यात 6 ने कमी सांगतो, अशी चिठ्ठी त्याच्यावरच चिकटवायची. तिघांपैकी एक मापक इतका चुकत होता की तो परत केला.

आठवडाभराच्या नोंदींनी चित्र स्पष्ट झालं. दुपारी चारला, कूलर बंद असताना, वरच्या खोलीत आर्द्रता 15 ते 18 टक्के. पाचला वर्ग सुरू झाला, कूलर लागला, की तासाभरात 60 च्या वर. आठला वर्ग सुटला, कूलर बंद झाला, की कवेलूंतून येणाऱ्या उष्णतेने रात्री पुन्हा 25 च्या खाली. कपाटांची दारं फटीची, त्यामुळे आतही जवळपास तेच. म्हणजे कोरड्या विदर्भातल्या या वाद्यांना रोज संध्याकाळी तीन तासांचा पावसाळा आणि त्यानंतर पुन्हा उन्हाळा सोसावा लागत होता.

लाकडाचं गणित सोपं आहे. आर्द्रता 20 टक्के असली की लाकडातलं पाणी दीर्घ काळात साधारण 4-5 टक्क्यांवर येतं, 80 टक्के असली की 16 च्या आसपास जातं. पाणी घटलं की लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. तबली 35 सेंटीमीटर रुंद धरली आणि ती अर्धाच टक्का आकसली तरी पावणेदोन मिलिमीटर होतात. पण तिच्या कडा भोपळ्याला चिकटलेल्या असतात आणि भोपळा तिच्या मापाने आकसत नाही. ओढाताण कुठेतरी निघणारच. तबली रेषेत फाटते, नाहीतर सांधा सोडते. इथे दोन्ही झालं होतं.

भोपळ्याच्या भोकातून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घातला. आतल्या बाजूला जुन्या दुरुस्तीच्या कापडी पट्ट्या सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने) चिकटवलेल्या दिसल्या. तबलीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने 'मिरज' आणि त्यापुढे एक आकडा लिहिलेला होता. ओव्हरहॉल झालं असतं, तर जुनी तबली आणि तिच्यासोबत वाद्याच्या जन्मगावाचा एकमेव पुरावा भंगारात गेला असता.

भुकटीचं उत्तर काळ्या कागदाने दिलं. प्रत्येक भोपळ्याच्या वाद्याखाली काळा कागद अंथरून दर तीन दिवसांनी पाहिलं. चार वाद्यांखाली ताजी भुकटी पडत होती आणि भोपळ्यांवर मिलिमीटरभर व्यासाची गोल भोकं होती. तंबाखूत, हळदीत, मिरचीत सापडतो तो लहान तपकिरी भुंगेरा हा. वाळलेला भोपळा त्याला चालतो. उबदार हवेत महिना-दीड महिन्यात त्याची एक पिढी होते. घर शोधल्यावर सापडलं तबल्यांखालच्या जुन्या कापडी रिंगांमध्ये, ज्यांत वाळलं गवत भरलेलं होतं.

पर्याय

भुंगेऱ्यांसाठी तीन मार्ग समोर होते. पेस्ट कंट्रोलवाल्याने धुरी सुचवली, म्हणजे फॉस्फिन वायू. धान्याच्या गोदामाला ती ठीक. पण फॉस्फिन तांबं आणि पितळ खातो. सतारीचे पडदे, खर्जाच्या तारा, हार्मोनियमच्या पितळी स्वरपट्ट्या असलेल्या खोलीत तो सोडणं म्हणजे किडीबरोबर संग्रहालाही औषध देणं. डांबरगोळ्या आधीपासूनच कपाटात होत्या. किडा थांबला नव्हता. उलट, काही वाद्यांच्या पॉलिशवर चिकटपणा आणि पांढरे कण आले होते. फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांना आठवडाभर ठेवणं रिकाम्या भोपळ्याला चालतं. मढवलेलं चामडं, चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) थर अशी निरनिराळी साहित्यं जोडलेल्या वाद्यांना ते धोक्याचं. शिवाय तंबोरा मावेल असा फ्रीझर कुणाकडे असतो! उरला तिसरा मार्ग, ऑक्सिजन काढून घेण्याचा. वेळखाऊ आणि किचकट, पण वाद्याला काही लागत नाही. तोच घेतला.

खोलीचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण तो माणसांचा होता. कूलर बंद करा म्हटल्यावर तबल्याचे शिक्षक म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात कूलर बंद केला तं पोरं येतीलच कशाला?" त्यांचं चूक नव्हतं. एसीचा विचार झाला, पण तो चोवीस तास चालवायचा असेल तरच अर्थ होता. वर्गापुरता तीन तास लावला, तर चढ-उतार तसाच राहिला असता. कवेलूच्या खोलीत चोवीस तास एसीचं बिल न्यासाला झेपणारं नव्हतं. तिसरा विचार कार्यवाह बाईंचा: खालचं माजघर. जाड भिंती, एकच लहान खिडकी, वर्षानुवर्षं अडगळ. मापक आठवडाभर तिथे ठेवला. बाहेर 45 अंश असताना आत आर्द्रता दिवसभरात 28 ते 36 टक्के, तीही सावकाश हलणारी. फक्त दोन गोष्टी छळणार होत्या: पावसाळ्यातली ओल आणि जमिनीलगतची वाळवी.

आणि मुख्य प्रश्न, जोडी वाजवायची की नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची वाद्यांसाठीची वेगळी समिती 1960 पासून काम करते आहे, तिच्या वर्तुळातही हा वाद जुनाच. वाजवलं की झिजतं, न वाजवलं तर ते वाद्य कशाचं? पण इथे नेमका प्रश्न असा होता: ही तबली, या भेगेसह, चार तारांचा ताण सोसेल का? विश्वस्तांपुढे चार पर्याय ठेवले. (अ) पूर्ण ओव्हरहॉल आणि दोन्ही मंचावर. (आ) दोन्ही फक्त काचेत. (इ) पुरुषी तंबोरा शाबूत आहे, तो मर्यादित वाजवायचा आणि बायकी तंबोऱ्याला ताण द्यायचा नाही. (ई) जुन्या जोडीची मापं घेऊन मिरजेहून नवी जोडी करून घ्यायची. मिरजेच्या एका कारागिराला फोनवर तबली बदलण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बदलून देतो की. पण मग तो तंबोरा माझा झाला, त्यांचा नाही राहिला." बैठकीत सगळ्यात जास्त वजन या वाक्याला मिळालं. (इ) आणि (ई) एकत्र मंजूर झाले.

घोडीचा मुद्दा मध्येच आला. जुनी घोडी सांबरशिंगाची होती. सांबराचं शिंग, गळून पडलेलंसुद्धा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं. 'नवी बसवू आणि जुनी कारागिराला देऊ' हे बोलायला सोपं, करायला गुन्हा. घोडी वाद्यावरच ठेवायची आणि नोंदवहीत तिचं साहित्य लिहायचं, असं ठरलं. नव्या जोडीला हाडाच्या घोड्या सांगितल्या.

काय केलं

जूनमध्ये बायकी तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या. एकदम नाही. चारही तारा दररोज थोड्या थोड्या सैल करत आठवड्यात घोडी जागेवर राहील एवढाच ताण ठेवला. गवताच्या रिंगा जाळल्या. वाद्यं माजघरात आणण्याआधी जमिनीच्या कडांना वाळवीप्रतिबंधक काम करून खोली महिनाभर उघडी ठेवली. लोखंडी रॅक जमिनीपासून 15 आणि भिंतीपासून 10 सेंटीमीटर दूर. अंथरायला दोनदा धुऊन खळ काढलेलं मांजरपाट. खळ राहिली तर तीच किड्यांचं जेवण होते.

किडीची चार वाद्यं जुलैत पिशवीत गेली. साधं पॉलिथिन ऑक्सिजन अडवत नाही, म्हणून खाद्यपदार्थांच्या पॅकिंगचा ॲल्युमिनियमचा थर असलेला कागद आणला आणि कडा इस्त्रीने जोडल्या. एका तंबोऱ्याचं गणित असं: पिशवी अंगाबरोबर केली आणि व्हॅक्यूम क्लीनरने हलकेच हवा ओढली, तरी आत साधारण 220 लिटर हवा उरते. तिचा 21 टक्के, म्हणजे सुमारे 46 लिटर ऑक्सिजन. एक मोठी लोहभुकटीची पुडी 2 लिटर शोषते, म्हणजे 23 पुड्या. गळतीची सोय म्हणून 30 घातल्या. पुड्या काम करताना गरम होतात. त्या वाद्याला टेकू न देता मांजरपाटाच्या थैलीत घालून कोपऱ्यात ठेवल्या. सोबत पारदर्शक खिडकीपाशी ऑक्सिजनची निर्देशक गोळी: 0.1 टक्क्याखाली गुलाबी, 0.5 च्या वर निळी.

पहिल्या पिशवीची गोळी तिसऱ्या दिवशी निळी झाली. हवा ओढली गेल्यावर पिशवी अंगाला चिकटते, आणि एका खुंटीच्या टोकाने तिला टाचणीएवढं छिद्र पाडलं होतं. 30 पुड्या वाया. दुसऱ्या वेळी खुंट्या आणि घोडी जाड फोममध्ये बांधून पिशवी केली. गोळी गुलाबी झाल्या दिवसापासून 21 दिवस मोजले. पिशवी भरली त्या दिवसापासून मोजायचे नाहीत. घाईत ही गफलत होते.

भेगेची दुरुस्ती मुद्दाम लांबवली. भेगेवर आडव्या तीन जागा पेन्सिलीने खुणावून दर पंधरवड्याला फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) रुंदी मोजली. कडेची 3 मिलिमीटरची भेग ऑगस्टअखेर 1 वर आली होती. मेमध्येच तिच्यात पाचर मारून भरली असती, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागा उरली नसती आणि तबली पाचरीच्या शेजारी नव्याने फाटली असती किंवा सांधा आणखी उचकटला असता. जूनमध्ये काम उरकण्याच्या मूळ योजनेत नेमकं हेच झालं असतं.

नोव्हेंबरात आर्द्रता 50-55 टक्क्यांवर स्थिरावली तेव्हा फक्त सांधा चिकटवला. पांढरा सिंथेटिक गोंद नाही, सरसच. कारण पुढे कधी उघडावं लागलं, तर कोमट पाण्याने आणि थोड्या उष्णतेने सरस सुटतो. रात्रभर भिजवलेला सरस दुहेरी भांड्यात 60 अंशांपर्यंत तापवला. उकळला की त्याची पकड जाते. सांध्यातला जुना सरस ओलसर बोळ्याने मऊ करून जेवढा निघाला तेवढाच काढला. भोपळ्याला शिकंजा लावता येत नाही. तिथे कारागिरांची जुनी युक्ती कामी येते: सायकलच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या, भोपळ्याभोवती फेऱ्या मारून ताणलेल्या, खाली मांजरपाटाची घडी. रबर पॉलिशला थेट लागू द्यायचं नाही. पट्ट्या चोवीस तासांनी काढल्या. भेग मात्र भरली नाही. तिच्या टोकाला बारीक खूण करून तारीख लिहिली, पुढे सरकते का हे पाहण्यासाठी. पाठीवरच्या भोकाला आतून काही केलं नाही. सुटलेलं जुनं ठिगळच सरसाने परत बसवलं.

निष्पत्ती

वर्धापनदिनी ठरल्यासारखं सगळं झालं नाही. मिरजेची नवी जोडी वेळेवर आली नाही. भोपळे निवडून, वाळवून, मापाला बसवायला कारागिराला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो, आणि ऑर्डर सप्टेंबरात गेली होती. मंचावर उसन्या जोडीने साथ केली. जुना पुरुषी तंबोरा सुरुवातीच्या एका रागापुरता, एक स्वर खाली लावून वाजला. बायकी तंबोरा शेजारी स्टँडवर होता, सैल तारांसह. काही जुने विद्यार्थी नाराज झाले. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी ती नाराजी बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवलीही. नवी जोडी फेब्रुवारीत आली.

काळ्या कागदांवर पुढच्या पावसाळ्यापर्यंत भुकटी पडली नाही. पुढच्या मेमध्ये भेग 1.5 मिलिमीटरपर्यंत उघडली, टोकाच्या खुणेपुढे सरकली नाही. माजघरात ऑगस्टमध्ये मात्र मापक 74 ते 78 दाखवत होता. दोन पखवाजांच्या चामड्यावर बुरशीचे ठिपके आले. ते ब्रशने खोलीबाहेर झाडून काढले आणि 65 टक्क्यांवर लावलेलं आर्द्रताशोषक यंत्र भाड्याने आणलं. त्याची पाण्याची टाकी दिवसातून दोनदा रिकामी करायला माणूस नेमावा लागतो, हे कुणी धरलं नव्हतं. टाकी भरली की यंत्र मुकाट बंद पडतं.

वरच्या खोलीत तबल्याचा वर्ग चालू आहे, कूलरसकट.

वेगळं काय करता आलं असतं

नवी जोडी (ई) मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगायला हवी होती. मापं घेण्याचं काम 'भेग आटोपल्यावर करू' म्हणून अडलं. मापांचा भेगेशी काही संबंध नव्हता. दांडीची लांबी, तबलीची रुंदी, घोडी ते मेरू (दांडीच्या वरच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी) हे अंतर जूनमध्येही तेवढंच होतं.

पिशवीचा प्रयोग आधी एका मोडक्या, बिनमोलाच्या भोपळ्यावर करायला हवा होता. गळती तिथेच कळली असती.

हार्मोनियमकडे दुर्लक्ष झालं हेही खरं. सगळ्यांचं लक्ष तंबोऱ्यांवर होतं, आणि सात हार्मोनियमांपैकी दोघांच्या भात्याच्या चामड्यात केसाळ अळ्यांच्या काती सापडल्या त्या थेट दिवाळीच्या साफसफाईत. हा भुंगेरा वेगळा, चामडं आणि लोकर खाणारा. भाते उघडून जुलैतच पाहिले असते, तर त्याच पिशव्यांच्या कागदात, त्याच खेपेला त्यांचंही काम झालं असतं.

माजघर की एसी हा निर्णय बहुधा बरोबर होता, पण तो एकाच उन्हाळ्याच्या नोंदींवर घेतला. पावसाळ्याच्या नोंदी हाती असत्या, तर आर्द्रताशोषक यंत्राचा खर्च त्याच बैठकीत मांडता आला असता आणि ऑगस्टमध्ये धावाधाव झाली नसती. आता मापकाची वही दोन वेळा लिहिली जाते, सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला. मापकाची मिठाची परीक्षा दर गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला होते.